वल्हं आणि डबा

तुलुगाकने वल्ह्याचं पातं पाण्यात सोडलं आणि दांडा जबड्याला टेकवला. बर्फाच्या काठावर बसून तीस वसंत तो असाच देवमासा ऐकत आला होता. सावियाकच्या होडीला कान आहे तो तुलुगाकचा, असं गावात म्हणत.

आणि आता हा डबा! पुतण्या नासुकने शहरातून आणलेला. पाण्याखालचा आवाज टिपणारी वायर पाण्यात, कानाला हेडफोन. सकाळपासून सगळी टोळी त्याच्याभोवती. तुलुगाकला कोणी चहासुद्धा विचारला नव्हता. सरळ सांगायचं तर त्याच्या पोटात दुखत होतं.

होडीचा मालक सावियाक. दोन वर्षं त्याच्या होडीला देवमासा मिळाला नव्हता. घरोघरची मांसाची तळघरं रिकामी पडली होती. वल्हं की डबा ते आज बघू, असं तो सकाळीच म्हणाला होता.

जबड्याचं हाड थरथरलं. खालच्या पट्टीतला लांबलचक हुंकार. पश्चिमेकडून, आणि जवळच. तुलुगाकने हळूच नासुककडे पाहिलं. चेहरा कोरा. नुसता बसलाय ठोंब्या.

आत्ता बोललो तर म्हणतील, डब्यानेही क्षणभरात सांगितलंच असतं. त्यापेक्षा चुकू दे त्याचं. एकदा चांगली फजिती झाली की डब्याचं नाव काढणार नाही कोणी. एक गेला तर मागून दुसरा येईलच, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि मिठाची गुळणी धरून बसला.

फवारा उडाला तेव्हा देवमासा होडीच्या टप्प्याबाहेर गेला होता. मागून दुसरा आला नाही. वारा फिरला, बर्फ सरकला, समोरचं पाणी मिटत चाललं.

सावियाक नासुककडे गेला. डबा बहिरा आहे का तुझा, असं त्याने विचारलं, तेही कुजबुजत. काठावर कोणी आवाज चढवत नाही.

नासुकने हेडफोन काढले. "केव्हापासून ऐकत होतो. पण काकांच्या आधी मी कसं तोंड उघडणार? म्हटलं, ते बोलतीलच."

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे काठावर तीच रीत आहे. सगळ्यांच्या माना तुलुगाककडे वळल्या.

"दादा, तुम्हाला नाही आला ऐकू?" सावियाकने विचारलं.

तुलुगाकने पाण्याकडे पाहिलं. "नाही."

सावियाकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कानाशी वाकून, बहिऱ्याला सांगावं तसं मोठ्याने म्हणाला, "असू दे, दादा. ठेवा ते वल्हं आता. चहा घ्या."

दांडा अजून जबड्याला होता. देवमासा लांब लांब जात होता, आणि तुलुगाकला लख्ख ऐकू येत होता.