ओढ्यापलीकडचं घर

"विनिफ्रेडबाई, आता हट्ट सोडा. तुमचं घर ओढ्यापलीकडे, म्हणजे तुम्ही पलीकडच्या गावातल्या," पाद्रीबुवा म्हणाले. "त्यांच्या स्मारकावर रूबेनचं नाव कोरायला ते तयार आहेत. आणखी काय हवं?"

"माझं घर नेदर विथलमध्येच आहे," विनिफ्रेड म्हणाली. "ओढा सरकलाय, सासऱ्यांच्या वेळच्या पुरात."

नेदर विथल म्हणजे इंग्लंडातली मूठभर घरांची वाडी, पण तोरा केवढा! महायुद्धात लढायला गेलेली इथली सगळी पोरं धडधाकट परत आली होती. आसपास गावोगावी स्मारकं उभी राहिली, इथे गरजच पडली नाही. विनिफ्रेडचा मुलगा रूबेन मात्र फ्रान्समध्ये तोफांच्या माऱ्यात गेला. मातीसुद्धा हाती लागली नाही. त्याला आपला म्हटलं की तोरा संपला, म्हणून ओढा हीच शीव असं सगळ्यांनी गुपचूप ठरवून टाकलं.

"पोराचं नाव आपल्याच वाडीत लागावं म्हणून जीव तुटतोय गं तिचा," बायका हळहळायच्या. नवऱ्यांपुढे मात्र गप्प बसायच्या.

आज शीवफेरी होती. दर वसंतात सगळी वाडी हद्दीच्या दगडांना छड्यांचे फटके मारत फिरते. पूर्वी तर पोरांना उलटं धरून त्यांचं डोकं दगडावर आपटायचे, म्हणजे शीव जन्मात विसरायची नाही. डोकं आपटून घेतलेल्यांपैकी आता म्हातारा एनॉक टॅपर तेवढा उरला होता.

ओढ्याशी सगळे थांबले. एनॉक थांबला नाही. पाण्यातून पलीकडे जाऊन त्यानं विनिफ्रेडच्या खुराड्यामागचं खाजरं रान काठीनं बाजूला सारलं.

"एनॉकबाबा, चळ लागला का?" गुत्तेवाला ओरडला.

"चळ तुम्हाला लागलाय! याच दगडावर माझं टाळकं शेकलंय. आणि मी मेला इतके दिवस तोंड शिवून बसलो. लाज वाटते रे."

शेवाळलेला दगड सगळ्यांनी पाहिला. घर शिवेच्या आत होतं.

गुत्तेवाल्यानं टोपी काढली. पाद्रीबुवा विनिफ्रेडपुढे आले.

"चुकलं आमचं, बाई. जाऊ दे तो तोरा. उद्याच दगड घडवायला सांगतो. चर्चच्या दारात, एकट्या रूबेनचं नाव."

"अहो, काहीतरीच काय!" विनिफ्रेड हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "नाव कशाला कोरताय? आपल्या वाडीतली सगळी पोरं परत आली ना? मग आता माझाही येईल."