शेजारची सीट

पुढची काच बसवून झाली तरी थोरला गाडीभोवती घुटमळतच होता. शेवटी मेकॅनिकनेच विचारलं, आता काय राहिलं?

"बाजूनं वारा आत येणार नाही ना? त्याला लगेच खोकला होतो."

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. "साहेब, तुमच्या खालच्या बागेचं एक सांगायचं होतं..."

"त्या घरचा विषय इथं काढायचा नाही, हे आपलं ठरलंय."

मेकॅनिकने पाना पुन्हा उचलला. गिऱ्हाईक जुनं होतं, आणि हट्टी होतं.

गाडी मूळची वडिलांची. दोन माणसं शेजारी शेजारी बसतील, मागे सामानाचा हौदा, आणि चिखल-दगड कशालाही न जुमानता टेकडी चढणारी. दुकानात तिला साइड-बाय-साइड म्हणत. वडिलांनी वरची बाग थोरल्याला दिली, खालची धाकट्याला आणि गाडी दोघांत मिळून. वडील गेले त्या दिवशी धाकटा उशिरा पोचला आणि थोरला चार लोकांत नको ते बोलला. तेव्हापासून दोघांत छत्तीसचा आकडा. शेजारी बसायची गाडी, पण ती वाटून वापरायची वेळ आली. दुपारपर्यंत थोरला, मग मधल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती लावून तो चालत वर जाई. दुपारनंतर धाकटा. भावाचं तोंड दिसू नये म्हणून थोरला जरा लवकरच निघायचा.

मग बायको गेली आणि घर खायला उठलं. जेवताना ताटाचा आवाजसुद्धा मोठा वाटू लागला. थोरल्याला भाऊ परत हवा होता, पण माफी मागायला जीभ उचलत नव्हती.

म्हणून त्याने गाडीला छप्पर बसवून घेतलं. खालच्याला भिजायला नको.

आठवड्याभरात हौद्यावर जाळी आली. थोरल्याचे क्रेट चढावर घसरायचे, हौद्यात फळं सांडलेली राहायची. ती भावाने बघितली असणार. जाळीवर हात फिरवत थोरला बराच वेळ उभा राहिला.

त्याने दिवे लावले. तिकडून आरसा आला. त्याने ही काच बसवली, तर स्टिअरिंगवर मऊ कव्हर चढलं. थंडीत थोरल्याची बोटं आखडत, लहानपणापासूनच. आठवण आहे म्हणायची, त्याला वाटलं, आणि डोळे भरून आले.

गाडीत हल्ली सिगरेटचा वास नसे. सुटली वाटतं एकदाची. सीट मात्र रोज पार पुढे ओढलेली सापडे. गुडघा दुखत असेल. म्हातारा झाला बिचारा. रोज ती मागे सरकवताना थोरल्याचा जीव तुटायचा.

भांडणानंतर शेजारची सीट थोरल्यानेच रागाने उपटून माळ्यावर टाकली होती. आता ती त्याने खाली काढली, पुसली आणि नव्या पट्ट्यासकट बसवायला घेऊन गेला. मेकॅनिकने बोल्ट आवळता आवळता पुन्हा तोंड उघडलं. "आधी एकदा समोरासमोर भेटा, साहेब."

"भेटायलाच चाललोय."

त्या दुपारी थोरला शेडमधून निघालाच नाही. शेजारच्या सीटवर बसला, पट्टा लावला, चावी गाडीलाच ठेवली. दोनच शब्द बोलायचे होते, ते मनात घोळवत राहिला. पावलं वाजली तेव्हा वर बघायचा धीर झाला नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "ये, बैस."

पावलं थांबली. मग कुणीतरी हळूच चालकाच्या जागी बसलं आणि सीट पुढे ओढली. थोरल्याने मान वळवली. पन्नाशीची, ठेंगणी, बागेतल्या कामाचे बूट घातलेली एक बाई त्याच्याकडे बघून हसत होती.

"कसली चूक हो? मीच यायला हवं होतं वर. पण तुमचे भाऊ बाग आणि गाडीतला हिस्सा मला विकून गेले तेव्हा म्हणाले होते, वरच्यांच्या वाटेला जाऊ नका."

"कधी गेला?"

"गेल्या वर्षीच. तुम्ही छप्पर बसवलंत ना, त्याच्या आधी. सांगितलं नाही त्यांनी तुम्हाला?"

बाईने छपराकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे. तिचं हसू हळूहळू मावळलं.

"म्हणजे, हे सगळं माझ्यासाठी नव्हतं?"