तांब्याचा पत्रा

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात माझी बायको मनकर्णा लोखंडी पंख्याच्या झटक्यानं गेली, त्या दिवशी वायरमन इब्राहिमभाईंनी आधी अंगणातला खड्डा पाहिला. तो रिकामा होता. कापसाच्या जिनिंगच्या इंजिनावरून घरात वीज घेतली, तेव्हा त्यांनीच तिथं मीठ-कोळसा घालून, पंख्याची तार जोडून तांब्याचा पत्रा पुरला होता. “करंट पंखे में उतरा तो जमीन पी लेती,” म्हणाले होते. पत्रा पुरला तेव्हा आई सोनपेठला बहिणीकडे होती. पत्रा उकिरड्यावर सापडला, त्यावर कापलेलं लिंबू. आई रडत म्हणाली, “करणी व्हती रे बाबा. परवा अंगण सारवताना दिसली. मीच उकरून, लिंबू कापून फेकली. पर लय उशीर झाला.” इब्राहिमभाई बोलणार तोच मी त्यांचा हात दाबला. आई अजून अमावस्येला खड्ड्यापाशी दिवा लावते, “मनकर्णे, माफ कर, आधी दिसली न्हाई,” म्हणते. तिला खरं सांगणं राहिलंय.