दहावी टोपी

शाडूचे चार गणपती, रंग न लागलेले, टेम्पोत पाठमोरे.

पोह्यांचा मलिदा, वरून ओलं खोबरं.

टोकन नंबर चौदा.

‘चपला बाहेर काढाव्यात.’

बाकावर टोप्या दहा. डोकी नऊ.

फोन वाजला तेव्हा नथानियल रोहेकर पेणमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसला होता. पलीकडे कमळाकर, सिनेगॉगचा राखणदार. शनिवार ज्यूंच्या विश्रांतीचा, त्या दिवशी सॉलोमनकाका फोनला हात लावत नाहीत, म्हणून त्यांचे फोन कमळाकर करतो.

“नथाभाऊ, कुठं हाव? नऊ जण जमलेत. तुमच्यावाचून काकांना रूथकाकूंचं कद्दीश म्हणता येत नाय. आज वर्ष झालं त्यांना जाऊन.”

दहा ज्यू पुरुष जमल्याशिवाय मृतांसाठीची ती प्रार्थना होत नाही. नथानियलनं मनात एझ्राला दहावा धरून ठेवलं होतं.

“एझ्रा आला नाही?”

“तो मंगळवारीच गेला ना इस्रायलला! तुमाला ठावं नाय?”

नथानियलनं आवाज खाली घेतला. “मी रोह्यात आहे, दादा. अचानक शिफ्ट लागली.”

“चौदा! नथानियल रोहेकर, आत या!” दारातली बाई खणखणीत ओरडली.

ते फोनपलीकडेही ऐकू गेलं. मग कमळाकर म्हणाला, “बरं. रोह्यात हाय म्हणून सांगतो. काका अकरापर्यंत थांबायचं म्हणतात.”

आत डॉक्टरांनी विचारलं, “झोप?”

“लागते आता.”

“गोळ्या?”

“चुकवत नाही.”

“मग आज चेहरा असा का?”

“नऊ जण थांबलेत.”

“तुमच्यासाठी?”

“माझ्यामुळे.”

दहा पंचवीसला तो बाहेर पडला. सिनेगॉग चालत चार मिनिटांवर. तो गल्लीच्या तोंडापर्यंत गेलाही. पण रोह्यात असलेला माणूस चार मिनिटांत पेणला कसा उगवणार? आणि खरं सांगावं तर रोहेकरांच्या मुलाचं डोकं फिरलंय, ही बातमी संध्याकाळच्या आत शेजारचं वडखळ गाठणार. तो मागे फिरला आणि एस. टी. स्टँडवर जाऊन बसला. घड्याळात अकरा वाजलेले त्यानं बघितले. सव्वाअकराला रोह्याहून गाडी आली. उतरणाऱ्या माणसांत मिसळून तोही चालू लागला, भरभर, धाप लागेल असा.

सिनेगॉगच्या पायरीवर माणसं चपला घालत होती. कमळाकर प्रार्थनेच्या टोप्या गोळा करत होता.

“सुटली शिफ्ट?” त्यानं मोठ्यानं विचारलं. सॉलोमनकाका मागेच उभे होते.

“सुटली.”

“धावत आलास होय रे?” काका म्हणाले. त्यांनी मलिद्याची वाटी त्याच्या हातात दिली. काका ऐंशीच्या पुढचे.

“काका, कद्दीश...”

“पुढल्या वर्षी म्हणू. तू खा आधी. पोहे कोरडे पडतील.”

कमळाकरनं बाकावर उरलेली टोपी उचलून त्याच्यापुढे धरली. त्याच्याकडे न बघता. नथानियलनं ती डोक्यावर ठेवली आणि पहिला घास घेतला.

त्या डॉक्टरांकडे त्याला पहिल्यांदा रूथकाकू घेऊन गेल्या होत्या, आणि तो बाहेर येईपर्यंत दोन तास दारातल्या बाकावर थांबल्या होत्या.