दुसरी गोळी

झोळीतला गोंद्या कुरकुरला तेव्हा जमुनाची ओटी वेचलेल्या कापसानं अर्धीही भरली नव्हती. तिनं वर पाहिलं. माय आपल्या तासाच्या, झाडांच्या त्या लांब ओळीच्या, पार पलीकडच्या टोकाला पोचली होती. कापसाच्या पऱ्हाटीतून तिची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती.

रोज वावरात आल्याबरोबर माय हिवराच्या झाडाखाली बसायची, गोंद्याला पाजायची, डबीतून अफूची बारीकशी गोळी काढून त्याच्या जिभेखाली ठेवायची आणि मग वेचायला लागायची. साऱ्याच लेकुरवाळ्या तसं करत. त्याशिवाय तान्ही दिवसभर निजत नाहीत, आणि ती निजली नाहीत तर हातून वेच होत नाही. आज मात्र मायनं झोळी बांधली, पोराला आत घातलं, ओटीच्या आड येते म्हणून कमरेची पिशवी झोळीच्या दोरीला अडकवली आणि ती सरळ तासाला लागली. संध्याकाळी कापसाच्या बैलबंड्या अमरावतीला निघायच्या होत्या. वावराचे मालक नत्थुजी सकाळपासून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभे होते.

माय विसरली, असं जमुनाला वाटलं.

"लढाई हाये तोवर हात चालवून घ्या," नत्थुजी बायांना सांगत होते. "तिकडं दर्यापार कापूस पिकवनारे गोरे आपसात लढून राहिले, म्हनून आपल्या कापसाले हा भाव. लढाई सरली का मंग कोन पुसते?"

"सायबाले नेसाले काई उरलंच नाई वाटते," शेजारच्या तासातून म्हातारी गोदाबाई म्हणाली. बाया हसल्या. जमुनाही हसली.

गोंद्या पुन्हा कुरकुरला. तो जागा झाला तर तिला झोळीपाशी बसावं लागणार होतं. यंदा पहिल्यांदाच तिला स्वतःचा तास मिळाला होता, आणि जेवढं वेचेल त्यातला वाटा घरी जाणार होता. सकाळी घरून निघताना दोघींच्या पोटात अंबाडीच्या भाजीखेरीज काही नव्हतं. गावात ज्वारी मिळेनाशी झाली होती; ज्वारीच्या वावरांतही यंदा पऱ्हाटीच उभी होती.

ती झोळीपाशी गेली. पिशवीतली डबी उघडून तिनं मायसारखीच बोटावर गोळी घेतली आणि गोंद्याच्या जिभेखाली ठेवली. त्यानं तोंड वाकडं केलं, मग तिचं बोट चोखत राहिला. तो गप्प झाल्यावर तिनं बोट हळूच सोडवून घेतलं आणि ती तासाला परतली. मग तिचे हात असे चालले की गोदाबाईनं दोनदा मान वळवून पाहिलं.

दुपारी माय पाजायला आली. जमुना ओटी सावरत तिच्यामागे धावली.

"माय, पाह्य."

मायनं ओटीत हात घालून कापूस दाबून पाहिला. "बाप्पा," ती म्हणाली, "माह्यी पोट्टी तं मलेच मागं टाकते आता." तिनं हसत हसतच झोळीतून गोंद्याला उचललं.

त्याची मान मागे कलंडली. मायनं त्याला छातीशी धरलं, पण त्याचे ओठ मिटले नाहीत. ते निळसर दिसत होते. तिनं बोटानं त्याची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झाली होती.

"जमुने, याले काई देल्लं का तू?"

"गोळी देल्ली. तू इसरली होती ना."



"आज घरीच देल्ली होती मी," माय म्हणाली. "निंगाच्या आधी. तू निजली होती."

गोदाबाई हातातलं टाकून आली. तिनं एका बाईला अफूवर उतारा म्हणून हिंग आणायला गावात पिटाळलं. गाव कोसभर दूर होतं. तिनं पोराच्या तोंडावर पाणी मारलं, त्याच्या छातीला कान लावला. श्वास होता, पण एक आला की दुसरा येईतो सगळ्या बाया आपलाही धरून ठेवत होत्या.

नत्थुजी आले, झोळीशी थबकले. त्यांनी एकदा पोराकडे आणि एकदा बंड्यांकडे पाहिलं. "बाकीच्या तासाले लागा," ते हळू आवाजात म्हणाले. "गर्दीनं लेकराले वारा लागत नाई." बाया एकेक करून गेल्या.

"निजू देऊ नोका त्याले," गोदाबाई म्हणाली. ती गोंद्याच्या तळपायांवर चापट्या मारत होती. "पार्बते, बोल त्याच्याशी," ती मायला म्हणाली.

माय त्याचे ओठ छातीला लावत राहिली.

"मंग तू बोल वं जमुने. तुहा आवाज वळखते थो. मोठ्यानं बोल."

"गोंद्या," जमुना म्हणाली. "गोंद्या, ऊठ. ऊठ रे." ती तेच तेच म्हणत राहिली. मग तिला पुढे काही सुचेना.

"थांबू नोको. देवळात मास्तरापाशी पोट्टे पाढे वरडतात, तसं काई बी म्हन."

जमुना देवळातल्या त्या शाळेत कधी बसली नव्हती. ती गोंद्यापाशी बसत आली होती, आणि गोंद्याच्या आधीच्या तान्ह्यापाशी. पोरांजवळ बसून म्हणायचं असं तिला एकच काही येत होतं. तिनं डोळे मिटून घेतले आणि बेंबीच्या देठापासून ओरडून सुरू केलं,

"नीज माह्या राजा, नीज माह्या सोन्या..."

गोदाबाईच्या चापट्या चालूच होत्या. दुसऱ्या ओळीपर्यंत त्या, तिच्याही नकळत, त्या सुरावर पडू लागल्या. एक, आणि मग जरा थांबून, एक.