सूज उतरेपर्यंत

तिच्या नवऱ्याला हल्ली माणसं आठवत नसत. परवा ते घराबाहेर पडले आणि त्यांच्यामागे धावताना तिचा घोटा मोडला. डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घालून घरी पाठवलं: “सूज उतरली की ऑपरेशन करून प्लेट बसवू. तोवर पाय उशीवरच, खाली टेकवायचा नाही.” आज औषधं आणायला जाताना लेक कुलूप लावायला विसरली. ते केस विंचरून दाराशी आले. “अहो, कुठे निघालात?” “बायकोला आणायला. पाय मोडलाय म्हणतात तिचा.” “मीच ती! इकडे बघा तरी!” त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तुमचाही मोडला का? जपा हो बाई.” त्यांनी दार ओढून घेतलं. तिने पाय टेकवला. कळ मस्तकात जाऊन ती पलंगाशीच कोसळली. बाहेर ते एकाला हॉस्पिटलचा रस्ता विचारत होते आणि तोही अगदी नीट समजावून सांगत होता.