फेरलढत झाली तर

"दुसऱ्या राउंडमध्येच आडवी होते पाहा ती पोरगी," केशवराव मोबाईलकडे रोखून पाहत म्हणाले. "फेरलढत झाली तर मोनाली काही तिसरी राउंड पाहत नाही. लिहून ठेवा माझं."

"वा काका!" रजत खूश झाला. दिवाणखान्यातल्या टीपॉयवर स्टँड लावून त्याने मोबाईल उभा केला होता. लाइव्ह सुरू होतं. पडद्यावर लाल बदाम भराभर वर चढत होते.

रजतचं खेळांवरचं चॅनेल होतं आणि गेला महिनाभर तो तिथे एकच दळण दळत होता. बॉक्सिंगच्या राज्य अजिंक्यपदाच्या फायनलमध्ये केशवरावांची मुलगी भैरवी नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या मोनालीकडून हरली होती. पाचपैकी तीन पंचांचा कौल मोनालीला मिळाला होता. तेव्हापासून 'पुन्हा लढत झाली तर कोण जिंकेल?' हा प्रश्न रजतने महालापासून मानेवाड्यापर्यंत पोचवला होता. त्याने आयुष्यात ग्लोव्ह्ज घातले होते, पण ते विकेटकीपिंगचे. केशवरावांनी तेही घातले नव्हते. सरकारी कचेरीत खुर्ची झिजवून ते आता निवृत्तीला आले होते. भाकीत करायला मात्र दोघांनाही कसलीच अडचण नव्हती.

"पण काका, मोनालीच्या डाव्या हाताचं काय?"

"कायचा डावा हात! आंधळ्याची लाठी आहे ते. लागली तर लागली." केशवराव नाकातून हसले. "बॉक्सिंगले डोकं लागते, गा. समाजमंदिराच्या हॉलमध्ये पोतं लटकवून ठोसे मारले म्हणजे डोकं येते काय? आमच्या पोरीले धरमपेठेत कोच लावून देला मी. पहाटे अंधारात स्कूटी काढते ती. अशा पोरीले त्या पंचांनी हरवलं. पोरीनं नाही हरवलं, पंचांनी!"

बदामांचा पूर आला. केशवराव खुर्चीत आणखी पसरले.

खरी बातमी त्यांनी अजून राखून ठेवली होती. बॉक्सिंग संघटनेचे सचिव त्यांच्या ओळखीचे होते. आज संध्याकाळपर्यंत तक्रार आली, तर निकाल थांबवू, राष्ट्रीय शिबिरासाठी मोनालीचं नाव पाठवणार नाही, असं ते बोलून गेले होते. ती तक्रार केशवरावांना इथेच, साऱ्या नागपूरसमोर जाहीर करायची होती. तेही मुलीला शेजारी बसवून. महिनाभर कॅमेऱ्यासमोर यायला नको म्हणणारी भैरवी आज एका हाकेत तयार झाली होती. शेवटी रक्त कोणाचं, असं त्यांच्या मनात आलं.

भैरवी आतून आली आणि सोफ्याच्या कडेवर बसली. मागोमाग तिची आई सुमती दारात येऊन उभी राहिली.

"तर मित्रांनो, खुद्द भैरवी!" रजतचा आवाज चढला. "सांग, फेरलढत झाली तर कोण जिंकेल?"

"मोनाली," भैरवी म्हणाली.

रजत हसला. केशवरावही हसले. "मजाक करून राहिली. लहानपणापासून अशीच आहे."

"मजाक नाही, बाबा. आमची फेरलढत रोजच होते. मी धरमपेठेत जातच नाही. फायनल झाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी इंदोऱ्याले जाते, मोनालीकडे. वाटलं होतं, मले पाहून हसेल. हसली नाही. 'ग्लोव्ह्ज आणले काय वं?' एवढंच विचारलं. तेव्हापासून रोज तिच्यासोबत तीन राउंड खेळते. अजून एकदाही जिंकली नाही."

पडद्यावरचे बदाम थांबले. मग एक हसरा चेहरा वर चढला, त्यामागे दुसरा, आणि मग त्यांची रांगच लागली. रजत ते पाहत होता. महिनाभर केशवरावांचं मीठ खाल्लेल्या त्या गड्याने क्षणात बाजू बदलली.

"म्हणजे काका, ते दुसऱ्या राउंडमध्ये आडवी होते म्हणत होते तुम्ही, ते कोणाबद्दल?"

केशवरावांनी हात मारून मोबाईल स्टँडसकट पालथा पाडला.

तेवढ्यात त्यांचा स्वतःचा फोन वाजला. सचिव होते. केशवरावांनी फोनकडे पाहिलं आणि तसेच बसून राहिले. सुमती दारातून पुढे आली. महिनाभर या घरात तिचं मत कोणी विचारलं नव्हतं. आताही कोणी विचारायची वाट पाहत ती थांबली नाही. तिने फोन उचलला.

"नाही, साहेब. आमची काही तक्रार नाही. मोनालीचं नाव पाठवून द्या तुम्ही. आमची पोरगी हरली होती."

रजतने मुकाट्याने स्टँड गुंडाळला. जाताना त्याने चपला घातल्या की हातात घेतल्या, हेही कोणी पाहिलं नाही.

केशवरावांचा चेहरा काळवंडला होता. तोंडात अजून तीच जुनी धार होती, पण तिला आता कापायला काही सापडत नव्हतं.

"महिनाभर तुझ्यासाठी साऱ्या गावाशी भांडून राहिलो मी," ते शेवटी म्हणाले. "ज्या पोरीनं तुले चारचौघांत पाडलं, तिच्याच दारात गेलीस? काहून? इथं काय कमी होतं तुले?"

वडिलांना लागू नये असे शब्द भैरवी शोधत होती. ते सापडले नाहीत, तेव्हा होतं तसंच सांगून टाकलं.

"इथं सगळे म्हणत होते, मी जिंकलीच होती. मी कुठं चुकली, हे सांगणारं तिच्याशिवाय कोणीच नव्हतं, बाबा."